पाच खणांचे घर

“मेथी आणायला गेले आणि घर घेऊन आले,” असे आमची ही आल्यागेल्याला सांगते. यात थोडी अतिशयोक्ती आहे. पण मेथी मी आणली होती आणि घरही घेतले, तेव्हा तिला खोटे पाडण्याची सोय नाही.

त्याचे असे झाले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर बुधवारी सकाळी मी जुन्या नाशकात जातो. त्या दिवशी गोदावरीच्या काठी बाजार भरतो. आमच्या गंगापूर रोडवर अगदी फाटकाबाहेर भाजीवाला उभा असतो आणि त्याची भाजीही काही वाईट नसते. तरी रिक्षाला साठ रुपये घालवून दहा रुपयांची मेथी आणण्याचा माझा नेम चुकत नाही. बाजारात का नुसती भाजी असते? विळे-कोयते असतात, दोरखंडे असतात, पावसाळ्यात पेठ-हरसूलकडून आलेल्या बायका रानभाज्या मांडून बसतात. त्यांची नावे विचारावीत, चार गोष्टी ऐकाव्यात, दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अवयवापर्यंत पाणी आले आहे ते पाहून घ्यावे (हे पाहिल्याशिवाय नाशिककराला चैन पडत नाही, पुराचे आमचे माप फूट-इंचांत नसून गुडघा, कंबर आणि गळा यांत असते), आणि मग भांडी बाजार, सराफ बाजार करीत तिवंध्याच्या चढाला लागावे. चढ संपतो त्याच्या अलीकडे एक बोळ आहे. त्या बोळात माझा जन्म झाला.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. बोळातल्या त्या ओळखीच्या दिंडी दरवाजावर खडूने लिहिले होते, ‘घर विकणे आहे. मालक वरती. मध्यस्थांनी जिना चढू नये.’

अक्षर मी ओळखले. ते माईंचे होते.

हा वाडा किती जुना हे कुणालाच नक्की सांगता येत नसे. ‘पेशवाईतला’ म्हणायची पद्धत होती. नाशकात जे जे जुने ते ते पेशवाईतले, आणि त्याहून जुने असेल तर थेट रामाच्या वेळचे. मधले मोगल या गावाला गुलशनाबाद म्हणत, पण आपला वाडा गुलशनाबादेतला आहे असे सांगणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. कागदोपत्री आमचा वाडा १९२० च्या पलीकडे जात नाही. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब, वर कडीपाट, भिंती पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या. मध्ये चौक, चौकाच्या चारी अंगांना ओसऱ्या. ओसरीच्या मागे एकेक-दोनदोन खोल्यांची सात बिऱ्हाडे, आणि वरच्या मजल्यावर तिघे भाऊ मालक.

आमचे बिऱ्हाड मागच्या अंगाला होते. माझे वडील नाशिकरोडच्या नोटा आणि तिकिटे छापणाऱ्या प्रेसमध्ये कारकून. १९५१ साली ते या दोन खोल्यांत राहायला आले. भाडे महिना नऊ रुपये. मी १९५८ चा. माझ्या आठवणीतली पहिली वस्तू म्हणजे त्या खोलीतला कोनाडा आणि त्यातली चिमणी. नाशिकच्या बाहेर वाढलेल्याला सांगून खरे वाटत नाही, पण रंगपंचमीला आम्ही रंग अंगावर उडवीत नसू. आम्हीच रंगात उड्या मारत असू. तिवंध्याच्या चौकात जमिनीखाली दगडी बांधणीची रहाड आहे. वर्षभर तिच्यावर फळ्या आणि माती, आणि त्यावरून गाड्या जात असतात. रंगपंचमीला ती उघडून रंगीत पाण्याने भरली की पोराथोरांनी तिच्यात धप्पा मारायचा. पहिल्यांदा मला आत ढकलले ते माईंच्या यजमानांनी, आणि नाकातोंडात रंग गेलेल्या मला पदराने पुसले ते माईंनी. माई तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर असतील.

१९६९ च्या सप्टेंबरातला पूर मला चांगला आठवतो. मी अकरा वर्षांचा होतो. खालच्या पेठांत पाणी शिरले तशी माणसे ट्रंका आणि पोरे डोक्यावर घेऊन चढ चढू लागली. आमचा दिंडी दरवाजाच नव्हे, तर मोठा दरवाजा सताड उघडला गेला. चौकात त्या रात्री चाळीसएक माणसे होती. माईंनी आणि माझ्या आईने चुलीवर पिठल्याचे पातेले चढवले ते पहाटेपर्यंत उतरवले नाही.

जुन्या वाड्यांचे असे गोडवे गायला लागलो की माझे मलाच हसू येते. हा मोठा दरवाजा पुरात सर्वांना उघडला हे खरे, पण एरवी तिथे बिऱ्हाड कुणाला मिळे आणि कुणाला जात विचारून परत पाठवीत, हेही मी पाहिले आहे. काळारामाच्या दाराशी १९३० साली डॉक्टर आंबेडकरांनी सत्याग्रह मांडला तो याच गावात, नदीच्या पलीकडे. आठवणी काढणाऱ्याने त्या सगळ्याच काढाव्यात.

तर, मेथीची जुडी हातात घेऊन मी जिना चढलो. माई झोपाळ्यावर बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. दृष्टी तशीच तिखट.

“मेथी कितीला दिली?”

“दहाला.”

“फसलास. बस.”

तीन भावांपैकी एकाच्या वाटणीच्या जागेवर चार मजली इमारत उभी राहिली होती, खाली मोबाइलची दुकाने. दुसऱ्याचा भाग २०१९ च्या पावसात बसला. माणूस कुणी दगावले नाही एवढे नशीब. आता तिथे एरंड माजला होता. राहिला माईंच्या यजमानांचा वाटा. रुंदीला पाच खण, दोन मजले, निम्मा चौक, आणि तळाला आमच्या त्या दोन खोल्या. मुलगा पुण्याला, एक मुलगी इंदूरला, दुसरी नाशिकरोडला. दरवर्षी मृगाच्या आधी धोकादायक घराची नोटीस दारावर लागायची. मुलगा म्हणे, आई, आता पुरे.

“पण मला घेणारा राहणारा हवा,” माई म्हणाल्या. “येतात ते सगळे पाडणारे. सिंहस्थ आला, भाव चढणार म्हणतात. घर बघतच नाहीत रे, नुसती पावलं टाकून जमीन मोजतात.”

मी घरी आलो. मेथी निवडता निवडता मी जेव्हा ही गोष्ट काढली तेव्हा ही एवढेच म्हणाली, “लिफ्ट आहे का?”

आमच्या मुलीचा इंग्लंडहून फोन आला तो याच सुमारास. ती आणि जावई तिकडे स्टॅमफर्ड म्हणून एक गाव आहे, लिंकनशरमध्ये, तिथे राहतात. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. घोड्यांच्या गाड्यांच्या काळी प्रवासी तिथे मुक्कामाला थांबत. खाली वेलंड नावाची नदी, नदीवर पूल, वर चढत गेलेले दगडी गाव, आणि शुक्रवारचा बाजार. मी तिच्याकडे दोन महिने राहून आलो आहे. पहिल्याच शुक्रवारी पिशवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा तिने कपाळाला हात लावला होता. इंग्लंडात जुन्या वस्तीला वस्ती म्हणून राखायचा कायदा १९६७ साली झाला, आणि त्याखाली पहिले नाव लागले ते याच गावाचे. सुट्या घरांची सरकारी यादी वेगळी. तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक इमारती आहेत. मुलीचे घरही तिच्यात आहे. दोनशे वर्षांचे बुटके घर, जावयाला दारातून वाकून जावे लागते. यादीत असल्यामुळे खिडकीची कुजकी चौकट बदलायची तरी आधी अर्ज. चार महिने अर्जाचे उत्तर येईना तेव्हा दोघांनी त्या खिडकीला जुनी शाल लावून थंडी काढली.

आता मी नाशकात असेच काही करायला निघालो म्हटल्यावर तिला आनंद व्हावा की नाही? तिने मला प्रश्नपत्रिकाच काढून दिली. पाहणी कोण करणार? अहवाल किती पानांचा? भिंतीतली ओल कशाने मोजणार? तिच्या घराचा अहवाल साठ पानांचा होता आणि त्यात उंदरांच्या बिळापर्यंत सारे नमूद होते. एका बाबतीत मात्र मी तिच्यावर ताण केली. इंग्लंडात सौदा तोंडी ठरला तरी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत तो कुणावरच बंधनकारक नसतो. हे घर मिळण्यापूर्वी त्यांचे एक ठरलेले घर असेच, कुणीतरी जास्त रक्कम बोलला म्हणून, हातचे गेले होते. मी म्हटले, “आमच्याकडे नारळ आणि एक रुपया ठेवला की झालं. शब्द म्हणजे शब्द.” हे मी फार ऐटीत बोललो. आपला शब्द किती वजनाचा असतो ते मला पुढे कळायचे होते.

पाहणीला मी आमच्या ओळखीचे एक सुतार-मिस्त्री नेले. सत्तरी ओलांडलेला मनुष्य, जन्म जुन्या लाकडात गेलेला. त्यांनी खिशातून पटाशी काढली, पण वापरली फार थोडी. बोटाचे पेर खांबावर वाजवायचे आणि कान लावायचा, डॉक्टर छाती तपासतात तसा. तळखड्यापाशी वाकून खांबाचे बूड पाहायचे. पाऊण तास कुणी काही बोलले नाही. मग अहवाल मिळाला, तो साठ पानांचा नव्हता.

“खांब जिते आहेत, सर. सगळे. वरच्या दोन कड्या गेल्या, वाळवीने पोकळ केल्या. तुळई उतरवायची गरज नाही, टेकू देऊन जोड मारू. पण मागच्या भिंतीला पोट आलंय. ती राहायची नाही.”

“कशामुळे?”

“पाण्यामुळे, दुसरं काय! वरची पन्हळ फुटलीय. तीस-चाळीस वर्षं पाणी भिंतीत मुरतंय. तेव्हाच कुणी दोन हात पत्रा मारला असता तर भिंत अजून शंभर वर्षं गेली असती.”

मागची भिंत म्हणजे आमच्याच खोलीची भिंत.

कागदांची गंमत फार सांगत नाही. ज्याने घर घेतले आहे त्याला ती ठाऊक आहे आणि ज्याने घेतले नाही त्याची दिवाळी का खराब करा? मालमत्तापत्रकावर अजून माईंच्या सासऱ्यांचे नाव होते. आधी वारसनोंद, मग तीस वर्षांचा शोध, मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस की कुणाचा हरकत-हितसंबंध असल्यास कळवावे. एका बँकेत मी कर्जाची चौकशी केली. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने नम्रपणे विचारले, “इमारतीचं वय?” मी म्हटले, “शंभरच्या पुढे.” त्याने पेन खाली ठेवले. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. अखेर भविष्यनिर्वाह निधीतून आलेली ठेव मोडली, गावाकडच्या शेतातला माझा वाटा भावाला दिला आणि जुळवाजुळव केली.

खरा घोळ किमतीचा. माई चौतीस लाख म्हणाल्या. मी तिसांपासून सुरुवात केली. सहा बुधवार हे चालले होते. मी मेथी, नाहीतर शेपू घेऊन जिना चढायचा, चहा व्हायचा, माई पाव लाख उतरायच्या, मी पाव लाख चढायचा. शेवटी त्या बत्तिसावर आणि मी साडेएकतिसावर येऊन अडलो. अर्ध्या लाखाचा प्रश्न राहिला. आता हे अर्धे लाख सोडले असते तर मी रस्त्यावर येणार नव्हतो आणि माईही नाही. पण सौद्यात एक रंग चढतो, आणि मग रहाडीतल्यासारखा माणूस आतच उडी मारतो. त्या सहाव्या बुधवारी मी माझे ठेवणीतले अस्त्र काढले.

“माई, मागच्या भिंतीला पोट आलंय. ती नव्याने बांधायलाच चार लाख जातील माझे. मिस्त्री म्हणतात, तेव्हाच पन्हळ दुरुस्त केली असती तर...”

“ती भिंत होय? थांब हं.”

त्या उठल्या, माजघरात गेल्या आणि एक लाल कापडी बांधणीची खातेवही व दोऱ्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

वरचेच पत्र मी उघडले. ‘मागील बाजूची पन्हळ फुटली असून पावसाचे पाणी आमच्या खोलीत येते. कायद्याप्रमाणे दुरुस्तीची जबाबदारी घरमालकाची आहे, हे आपणांस विदित आहेच.’ खाली वडिलांची सही. साल १९७४. आणि अक्षर माझे. घरात माझे अक्षर वळणदार म्हणून असले अर्ज लिहायचे काम माझ्याकडे असे. सोळा वर्षांचा होतो. ‘विदित’ हा शब्द नुकताच शिकलो होतो आणि तो कुठेतरी वापरायचा होता. गठ्ठ्यात अशी अकरा पत्रे निघाली. दर पावसाळ्याला एक. विदित सगळ्यांत होते.

“आता हे बघ.” माईंनी खातेवहीचे पान काढले. त्यांच्या यजमानांचा हिशेब. सात बिऱ्हाडांचे मिळून महिन्याचे भाडे एकाहत्तर रुपये. वर्षाचे आठशे बावन्न. त्यातून घरपट्टी वजा, आणि बाकीचे तिघा भावांत वाटायचे. त्याच पानावर १९७८ सालचा गवंड्याचा अंदाज टिपला होता, पन्हळ आणि मागची भिंत मिळून चार हजार तीनशे. म्हणजे सगळ्या वाड्याचे पाच वर्षांचे भाडे, आमच्या एका भिंतीला. अंदाजाखाली काहीच लिहिलेले नव्हते. नुसती एक रेघ.

मी गप्प बसलो. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, आणि हे गणित माझ्या कधी मनातही आले नव्हते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे असेल ते प्रमाण धरले, आणि ते तिथेच गोठले. १९९९ साली नवा कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ देता येऊ लागली. नऊ रुपयांवर चार टक्के म्हणजे छत्तीस पैसे. मी कायद्याला नावे ठेवत नाही. तो नसता तर प्रेसमधल्या एका कारकुनाला, सहा खाणारी तोंडे पाठीशी असताना, दर दोन वर्षांनी हातगाडीवर संसार लादावा लागला असता. मालकांनी नळ तोडून भाडेकरू पळवल्याच्या गोष्टीही गावात होत्या. पण मालक श्रीमंत आणि भाडेकरू गरीब, हे जे आम्ही धरून चाललो होतो, ते वरच्या मजल्यावर एकदा तरी जाऊन पाहायला काय हरकत होती? माईंच्या घरी सणालासुद्धा पातळ पालटून नेसत हे माझ्या आईला ठाऊक होते. ती म्हणे, “चिकट आहेत झालं.”

पुढचे पान माईंनी उलटले नाही. मीच उलटले, आणि ते उलटले नसते तर बरे झाले असते.

१९८४ साली वडिलांना सिडकोत घर मिळाले आणि आम्ही वाडा सोडला. सोडला म्हणजे काय, सामान हलवले आणि खोलीला कुलूप लावले. जुनी जागा कुणी अशी सोडत नसे. ती एक मिळकतच समजली जाई. दरमहा नऊ रुपयांची मनिऑर्डर जात राहिली. बारा वर्षे. खोलीत दोन मोडकी पिंपे आणि एक पाळणा, एवढेच होते. मग १९९६ साली वडील एकदा म्हणाले, “जुन्या खोलीचे आले बघ,” आणि अठरा हजार रुपये माझ्या हातावर ठेवले. मी नुकतीच गंगापूर रोडवर जागा नोंदवली होती. पहिला हप्ता त्यातून भरला.

खातेवहीत ती नोंद होती. ‘मागील दोन खोल्या मोकळ्या करून घेतल्याबद्दल रोख रुपये १८,०००.’ आणि तिच्या समोर, जमेच्या बाजूला, ‘पाटल्या जोड, तोळे तीन.’

“मुलाचं लग्न ठरलं होतं,” माई सहज म्हणाल्या. “नवरानवरीला एक खोली नको का? भाऊंना म्हटलं, तुमचं तिथं नुसतं कुलूप आहे. ते म्हणाले, रीत आहे तशी करा. रीत केली. सराफ बाजार कितीसा लांब, उतारच तर आहे.”

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. ती असती तर मला उत्तर देता आले असते.

“माई,” मी म्हटले, “चौतीसच धरू.”

“काय?”

“तुम्ही पहिल्यांदा सांगितलेत ते. चौतीस.”

माईंनी माझ्याकडे, मराठीत नापास झालेल्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले. “बत्तीस म्हटलंय ना मी? मग बत्तीस. तुझ्या दयेचे दोन लाख घेऊन मी पुण्याला काय करू?” आणि वही मिटून त्या चहा टाकायला उठल्या. सौदा असा मिटला. नारळाचे कुणालाच सुचले नाही.

हिला हे सगळे सांगायला मला दोन दिवस लागले. आमचा तिसरा मजला, त्यातली ती पूर्वेची खिडकी, जिच्याशी बसून मी पेपर वाचतो, ही सारी कुणाच्या मनगटावरून आली आहे, हे सकाळच्या चहाबरोबर सांगण्यासारखे नव्हते. तिने ऐकून घेतले. बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, “नावावर कुणाच्या घेताय?” बाईच्या नावावर राहते घर घेतले तर मुद्रांकशुल्कात एक टक्का सूट मिळते, हे तिला कुठून कळले होते कोण जाणे. अशा रीतीने ज्या घराला लिफ्ट नाही म्हणून सहा आठवडे माझ्याशी अबोला होता, त्या घराची ती मालकीण झाली.

संक्रांतीनंतर नोंदणी झाली. इंदूरची मुलगी, पुण्याचा मुलगा, नाशिकरोडची मुलगी, सगळ्यांच्या सह्या, अंगठे, फोटो. माईंनी मोठ्या बाळबोध अक्षरात सही केली आणि शाई लागलेला अंगठा पदराला न पुसता माझ्या रुमालाला पुसला. मुलाने त्यांना तिथूनच पुण्याला न्यायची तयारी ठेवली होती. पण त्या म्हणाल्या, वरच्या दोन खोल्यांत मला सध्या राहू द्या, गाव सुटायला थोडा वेळ लागतो. हिने एका शब्दाने हो म्हटले.

डागडुजी पाऊस धरून चालली. मिस्त्रींनी सिमेंटला हात लावू दिला नाही. लाकूड आणि माती श्वास घेतात, सिमेंट त्यांचे नाक दाबते, असे त्यांचे मत. चुना भिजवला, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी गेले, आणि पंधरा दिवस बोळात मिठाईच्या दुकानासारखा वास सुटला. मागची भिंत उतरवली. चांगले निघालेले भेंडे पुन्हा त्याच भिंतीत बसवले. ज्या कोनाड्यात चिमणी असे तो मी पूर्वीच्याच उंचीवर ठेवायला सांगितला, आणि बांधून झाल्यावर लक्षात आले की तो माझ्या कमरेइतकाच आहे. माझ्या आठवणीत तो डोक्याच्या वर होता. मुलीने फोनवरून भिंत पाहिली, पन्हळ पाहिली आणि विचारले, “परवानगीला किती महिने लागले?” मी सांगितले ते ऐकून ती जराशी हिरमुसली असावी.

गंगापूर रोडची जागा आम्ही मोडलेली नाही. चार दिवस तिकडे आणि तीन इकडे असे आमचे चालते. बुधवार अर्थात इकडे. नूतनीकरणानंतरची पहिली दिवाळी वाड्यातच केली. दिंडी दरवाजाच्या दोन्ही देवड्यांत पणत्या, चौकात हिची रांगोळी. शेजारच्या चार मजली इमारतीतली पोरे फटाके घेऊन आमच्याच चौकात आली, कारण त्यांना चौक नाही.

पाडव्याच्या सकाळी माई जिना उतरून खाली आल्या. नवे लुगडे, हातात एक कोरी वही. पाडवा हा वह्यांचा दिवस, म्हणून मी समजलो की पूजेत ठेवायला आणली असेल. त्यांनी कनवटीचा रुमाल सोडला आणि पाटावर एक पाचाचे नाणे आणि चार एकाची नाणी मांडली.

“हे काय, माई?”

“भाडं. राहते आहे ना मी? फुकट राहणाऱ्याला पाहुणा म्हणतात, आणि पाहुण्याने तीन दिवसांवर राहू नये.”

“अहो, पण...”

“नऊ रुपये होतं. तेच आहे. वाढवायचं असेल तर कायद्याने वाढव. पावती दे.”

मी निमूटपणे पेन काढले. त्यांनी वही मागे ओढली. “तू नव्हे. घर कुणाच्या नावावर आहे? मालकिणीची सही लागते.”

ही स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. वहीच्या पहिल्या पानावर तिने तारीख घातली, ‘रुपये नऊ फक्त मिळाले’ असे लिहिले आणि सही केली. तिचा हात किंचित कापत होता असे मला वाटले. ती म्हणते, बेसनाचा होता.

माईंनी चष्मा लावून पावती दोनदा वाचली. मग वही मिटली, उठल्या, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून मागे वळल्या.

“उजव्या अंगाची पन्हळ टपकते आहे. परतीच्या पावसात बघितलं मी. दुरुस्ती मालकाकडे असते, आपणांस विदित आहेच.”

मी मिस्त्रींना फोन लावला.